तेवीस पॉइंट चार

आमच्या ऑफिसात एक खोड होती. आज मी तिला खोड म्हणते. तेव्हा आम्हाला ती हुशारी वाटायची, आणि ती आम्हाला लावली होती मास्तरांनी, आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या इंजिनिअरनी.

आम्ही कारखान्यांची डिझाइनं करतो. कुठला पाइप कुठून जाणार, कुठल्या टाकीत किती दाब, कुठला व्हॉल्व्ह कधी उघडणार, हे सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये भरलेलं असतं आणि तीस-चाळीस माणसं एकाच वेळी त्यात काम करत असतात. एकाने आकडा बदलला की सगळ्यांच्या पडद्यावर बदलतो. एका पातेल्यात चाळीस जणांचे हात म्हणा ना. ते पातेलं सांभाळायचं काम माझं. पंधरा वर्षं सांभाळलं, आणि कुणी मीठ दोनदा घातलं की पहिली शिवी माझीच असायची.

आता या सॉफ्टवेअरला रिकामा रकाना खपत नाही. आकडा ठरला नसला तरी काहीतरी भरा, नाहीतर ते पुढे सरकू देत नाही. मग काहीतरी भरायचं आणि शेजारी लाल झेंडी लावायची, होल्ड. म्हणजे, बाबांनो, हा आकडा खरा धरू नका. पूर्वी कागदावर अशा आकड्याभोवती लाल पेन्सिलीने ढग काढायचे. सॉफ्टवेअरमध्ये मात्र जो तो मनाला येईल ते भरायचा आणि नंतर कुणाचं काय हे कळायची सोय नव्हती. मास्तर म्हणाले, "आपापला वाढदिवस भरा. बघताक्षणी समजेल घोडं कुणापाशी अडलंय." तेव्हापासून नऊ पॉइंट अकरा म्हणजे मी, नोव्हेंबरची नऊ तारीख. एकतीस पॉइंट पाच म्हणजे पाइपवाली. आकडा दिसला की आम्ही ओरडायचो, "अगं ए, तुझा वाढदिवस पडलाय इथं, उचल!"

त्या दिवशी सकाळी अकराला मी सगळ्या आकड्यांची शेवटची यादी छापली. दुपारी चार वाजता नव्या कारखान्यात पहिल्यांदा वाफ सोडायची होती. कागदाच्या कोपऱ्यात प्रिंटरने आपोआप तारीख टाकली होती, तेवीस चार. ती बघून आठवलं, अरे, आज मास्तरांचा वाढदिवस, काकूंना फोन करायला हवा. तेवढ्यात नजर खाली गेली. वाफेची जुनी टाकी, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडण्याचा दाब: तेवीस पॉइंट चार.

मी बोट ठेवून ती ओळ पुन्हा वाचली.

ती टाकी एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेली होती. तिचा पत्रा किती झिजलाय ते मोजायचं आणि मग तिला किती दाब झेपेल ते ठरवायचं, हे काम मास्तरांकडे होतं. मोजणीचा रिपोर्ट मी कधी बघितलाच नव्हता. प्रेशर कुकरचा व्हॉल्व्ह वेळेवर उघडला नाही तर काय होतं, हे ज्याच्या ओट्यावर झालंय त्यालाच विचारा. ही टाकी एका खोलीएवढी होती.

आणि होल्डची झेंडी? ती मीच काढली होती. दुसऱ्या कुणाच्या नावाने बोटं मोडू?

आठ महिन्यांपूर्वी साहेब माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले होते, "मॅडम, दोनशे बारा होल्ड दिसतायत. संध्याकाळपर्यंत शून्य हवेत." मी पुष्कळ आदळआपट केली, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी ऑफिसच्या हजेरीपटावरून सगळ्यांचे वाढदिवस काढले, यादीतले आकडे त्यांच्याशी ताडले, जे जुळले त्यांच्या मालकांना धरून खरे आकडे भरून घेतले, आणि उरलेले आकडे खरेच असणार असं धरून त्यांच्या झेंड्या एका फटक्यात उडवल्या. कमाल केलीत, म्हणाले सगळे. मलाही वाटलं, केली खरी. पण मास्तर त्याच्या तीन महिने आधीच निवृत्त झाले होते. हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं. त्यांचा वाढदिवस कशाशीच जुळला नाही आणि खरा दाब म्हणून जागेवर बसून राहिला.

त्या टाकीपासून वीस पावलांवर माझा धाकटा भाऊ उभा असणार होता. तो तिथं ऑपरेटर आहे. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता, त्याला मी वाढवलाय. मोबाइल ते लोक गेटवरच जमा करून घेतात.

मी कारखान्याच्या मॅनेजरला लँडलाइनवर गाठलं आणि सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, आमच्या पडद्यावर होल्ड शून्य. सगळं हिरवं आहे. आम्ही सिस्टिमवर चालतो, वाढदिवसांवर नाही."

साहेब तर हसलेच. "त्या टाकीचं जुन्या कारखान्यातलं सर्टिफिकेट पंचवीसचं आहे. तेवीस पॉइंट चार चांगला सरळ आकडा दिसतोय. मास्तरांनी मोजूनच भरला नसेल कशावरून?"

तो आकडा खोटा आहे हे मला तरी कुठं नक्की माहीत होतं! "मास्तरांना विचारून येते," मी म्हणाले.

"खुशाल विचारा. पण डेटाला हात लावायचा नाही. काल सही होऊन सील झालाय. हात लावलात तर उद्यापासून यायचं नाही."

काकूंचा फोन लागेना, म्हणून स्कूटर काढली आणि मास्तरांचं घर गाठलं तेव्हा सव्वा वाजला होता. काकूंनी दार उघडलं. "बरी आठवण ठेवलीस गं! ये, त्यांना बरं वाटेल." मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. शर्टाचं एक बटण वरच्या काजात गेलेलं.

"मास्तर, ओळखलंत का मला?"

"बसा ना," ते म्हणाले. "हिला सांगतो चहा टाकायला. तुम्ही लांबून आलात का?"

मास्तर मला तुम्ही म्हणाले! ज्या माणसाने मला पंधरा वर्षं 'ए भांडकुदळे' अशी हाक मारली, तो मला पाहुणीसारखं बसा म्हणाला. मी काकूंकडे बघितलं. त्या हळूच म्हणाल्या, "चारेक महिने झाले गं. कुणाला सांगितलं नाही."

मी त्यांच्या पायाशी बसले. यादी त्यांच्या मांडीवर ठेवली, जुन्या टाकीचं सांगितलं, पत्र्याचं सांगितलं. "तो आकडा तुम्ही मोजून भरला होता की होल्डचा होता? एवढंच सांगा." ते कौतुकाने ऐकत होते, लहान मुलाची गोष्ट ऐकावी तसे. मग मी विचारलं, "मास्तर, तुमचा वाढदिवस कधी असतो?"

त्यांनी काकूंकडे बघितलं. "कधी गं?"

"आजच की हो," काकू म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

मग माझा तोल गेला. सांगायला लाज वाटते, पण गेला. त्या आजारी माणसाचा हात गदागदा हलवून मी ओरडले, "आठवा ना मास्तर! तुम्हीच लावलीत ना ही सवय? माझा भाऊ आहे तिथं! तुमच्या मांडीवर पेन्सिली मोडायचा ना तो, तो!" काकू धावत बाहेर आल्या. "अगं ओरडू नकोस, घाबरतात ते!" मास्तर खरंच घाबरले होते. खुर्चीत अंग चोरून बसले होते. मी तोंडावर हात दाबून रडले आणि पर्स उचलली.

यादी त्यांच्या मांडीवरच राहिली होती. घ्यायला वाकले तर त्यांनी ती घट्ट धरली. दुसऱ्या हाताने खिशातून लाल पेन्सिल काढली. "ती अजून खिशात लागते त्यांना, झोपतानासुद्धा," काकू म्हणाल्या. पेन्सिलीचं टोक एकेका ओळीवरून खाली येऊ लागलं, पूर्वी तपासायचे तसं, ओठ हलवत. एक पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानावर, तेवीस पॉइंट चारपाशी, पेन्सिल थांबली. मास्तरांनी त्या आकड्याभोवती बारीक बारीक गोलाया काढत ढग काढला आणि शेवटची गोलाई पहिलीला आणून मिळवली.

"याचं अजून यायचंय," ते म्हणाले, आणि कागद माझ्या हातात दिला.

जिन्यातूनच साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "ज्या माणसाला स्वतःचा वाढदिवस आठवत नाही, त्याच्या ढगावर मी कारखाना थांबवू?" आणि फोन ठेवला. त्यांच्या जागी मी असते तर? मीही हेच म्हणाले असते, उगाच शहाणपणा कशाला सांगू. पण त्या टाकीजवळ त्यांचं कुणी नव्हतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

ऑफिसात पोचले तेव्हा पावणेतीन झाले होते. आमच्या डेटाची नक्कल दर दोन तासांनी कारखान्याला जाते, एकला, तीनला, पाचला. तीनची हुकली तर चारला वाफ सुटणार. मी खुर्चीवर बसले, सील उघडायचा पासवर्ड दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. टाकी, व्हॉल्व्ह, दाब. होल्डची झेंडी लावली. सॉफ्टवेअरने नेहमीप्रमाणे विचारलं, आकडा?

मी तेवीस पॉइंट चार पुसला आणि नऊ पॉइंट अकरा भरला. आमच्या या खोडीचे किस्से मी घरी सांगायचे, त्यामुळे त्या कारखान्यात हा आकडा ओळखणारा एकच माणूस होता.

तीन वाजले. तीन दहा झाले. तीन वीसला टेबलावरचा फोन वाजला.

"ताई, मी बोलतोय, कंट्रोल रूममधून." धाकट्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "इथं लाल आलंय. दाब नऊ पॉइंट अकरा. सगळे म्हणतायत सॉफ्टवेअर बिघडलं. हा... हा तुझा वाढदिवस आहे ना?"

"हो रे राजा."

"म्हणजे आधीचा तेवीस पॉइंट चार?"

"मास्तरांचा."

मागे कुणीतरी कुणाला तरी वाफ रोखून धरायला सांगत होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी टेबलावर डोकं टेकवलं. तेवढ्यात समोर सावली पडली. साहेब.

"आयकार्ड द्या," ते म्हणाले. "तुमचा होल्ड मी पाचच्या नकलेत काढतोय. साडेपाचला वाफ सुटेल." माझं लॉगिन बंद केलं होतं, पडदा तिथल्या तिथे काळा झाला. मी कार्ड दिलं. ते केबिनमध्ये गेले. फोन अजून माझ्या कानालाच होता.

"ताई," धाकटा म्हणाला, "मास्तरांसारखे हजेरीपटावरून गेलेले आणखी किती आहेत?"

हे मला कसं सुचलं नाही? तीन वर्षांत मास्तर एकटेच थोडे गेले होते. मी बोटांवर मोजलं. चौदा. चौदा जण सोडून गेले होते आणि मी फक्त राहिलेल्यांचे वाढदिवस ताडून पाहिले होते.

"तुझ्यासमोर पडदा आहे ना? आकडे दिसतात?"

"दिसतात. बदलता येत नाहीत."

"बदलू नकोस. मी तारखा सांगते, तू शोध. दोन जरी सापडले ना, तुझ्या मॅनेजरला तिथंच उभा करून दाखव. फोन ठेवू नकोस."

तीन पंचवीस. एका कानाला टेबलाचा फोन, दुसऱ्या हातात माझा मोबाइल. पहिला फोन लावला त्या चौदांतल्या इलेक्ट्रिकलच्या दादांना. सगळ्यांत जास्त होल्ड त्यांचे असायचे. वहिनींनी उचलला.

"वहिनी, मी ऑफिसमधून. दादांचा वाढदिवस कधी असतो हो?"

त्या म्हणाल्या, "अगं, तुला कळलं नाही का? त्यांना जाऊन वर्ष होईल आता. वाढदिवस कसला विचारतेस?"

मला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. दुसऱ्या कानात धाकटा वाट बघत होता.

"सांगा ना वहिनी," मी म्हणाले. "पाया पडते तुमच्या. तारीख सांगा."