सात दिवस अलीकडे, सात दिवस पलीकडे

आसावरीनं तारखांचा रकाना वारांप्रमाणे लावला, तसे शनिवार-रविवार सगळे वर गोळा झाले. दोनशे चौदा ओळी. तिनं लॅपटॉप ट्रॅव्हिसकडे फिरवला. हा ट्रॅव्हिस चार वर्षं सैन्यात काढून मॅनेजमेंट शिकायला आला होता. फारसा बोलायचा नाही. एखादी गोष्ट पटली की टेबलावर दोन बोटं वाजवायचा. त्यानं बोटं वाजवली आणि विचारलं, की सुटीच्या दिवशी कामावर जातं कोण?

"तेच तर," आसावरी म्हणाली. "जायची गरजच नाहीये."

गरज नाही हे चौघांच्या टीममध्ये तिलाच कळण्यासारखं होतं. बाकीचे तिघं नुसतं मॅनेजमेंट शिकत होते, ती फार्मसीही शिकत होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार पांढरा कोट. मंगळवार, गुरुवार ब्लेझर. गोळी पोटात कशी विरघळते हे एका इमारतीत शिकायचं आणि तीच गोळी लोकांच्या गळी कशी उतरवायची हे दुसऱ्या इमारतीत. त्यांच्या केरी गावातल्या मराठी मंडळात कोणी विचारलं, तर आई "ती दोन्ही करतेय" एवढंच सांगायची आणि समोरचा माणूस दोन्ही म्हणजे काय ते न विचारताच भारावून जायचा.

प्रोजेक्ट एका खऱ्या औषध कंपनीचा होता. कागदोपत्री तिचं नाव 'क्लायंट बी', माणसांची नावं काळ्या पट्ट्यांखाली. औषध किती दिवस टिकतं हे बघायला कंपन्या गोळ्यांच्या बाटल्या ठरावीक उष्णतेच्या, ठरावीक दमटपणाच्या मोठाल्या कपाटांत ठेवतात आणि तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं काढून तपासतात. लोणचं मुरलं का ते बघतात तसंच, फक्त इथं मुरू नये अशी इच्छा असते. हे काम क्लायंट बीनं स्वतः करत राहावं की बाहेरच्या लॅबला देऊन टाकावं, एवढंच टीमला सांगायचं होतं. नियमाच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: नमुना ठरलेल्या तारखेच्या सात दिवस अलीकडे किंवा सात दिवस पलीकडे काढला तरी चालेल. तरीही सहा वर्षांत दोनशे चौदा वेळा कोणीतरी सुटीच्या दिवशी, नेमक्या तारखेलाच, एकट्यानं जाऊन कपाट उघडलं होतं.

टायपिंगच्या चुका बघायला म्हणून ती यादी खाली सरकवत राहिली. २१ ऑक्टोबर २००६, शनिवार. तिचा हात थांबला. त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. २७ ऑगस्ट २००६, रविवार, गणेश चतुर्थी. ५ जून २००४, शनिवार; आईच्या पन्नाशीची पार्टी. मग ती मुद्दाम शोधत गेली आणि तिला हवी ती ओळ सापडली. ९ जून २००१, शनिवार, सकाळचे दहा चाळीस. तिचं हायस्कूलचं ग्रॅज्युएशन.

त्या दिवशी बाबा दुपारी एक वाजता पार्किंग लॉटमध्ये उगवले होते, लॅबचे बूट तसेच पायात. टोप्या उडवून झाल्या होत्या. फोटो मंडळातल्या राजीवकाकांनी काढले होते. बाबा म्हणाले होते, "तारीख ठरलेली असते, बेटा. औषध आपल्यासाठी थांबत नाही." आणि आईनं तोवर पुढच्या-मागच्या दोन्ही रांगांना हेच सांगून ठेवलं होतं, अगदी कौतुकानं. बावीस वर्षं बाबांची नोकरी एकच, त्याच कपाटांची. मंडळातले त्यांच्या बरोबरीचे सगळे डायरेक्टर झाले, कोणी निवृत्त होऊन क्रूझवर गेले. मोरेश्वर देवपुजारी मात्र नमुने काढत राहिले.

प्रोजेक्टच्या सुरुवातीला सगळ्यांनी एका कागदावर सही केली होती. बाहेर काही बोलायचं नाही, आणि क्लायंटकडे कोणी नातेवाईक असेल तर प्रोफेसरांना कळवायचं. क्लायंटचं नावच माहीत नव्हतं, तेव्हा सगळ्यांनी 'नाही'वर खूण केली होती. आता कळवायला हवं होतं. तिनं ई-मेल उघडली, दोन ओळी लिहिल्या, वाचल्या आणि पुसून टाकल्या. तिला भीती वाटत होती असं नाही. मार्क जातील, टीम बोलेल, असलंही काही मनात आलं नाही. गेलं वर्षभर तिला कशाचं फारसं काही वाटतच नव्हतं. पेपर चांगला गेला तरी ठीक, वाईट गेला तरी ठीक. दाताच्या डॉक्टरानं इंजेक्शन दिल्यावर ओठ आपलाच असून आपला वाटत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. आता तरी काही वाटेल म्हणून ती दोन मिनिटं थांबली. मग तिनं चार्ट पूर्ण केला. चार्ट बरोबर होता.

त्याच्याखालचं वाक्यही तिचंच. 'हे काम पद्धतीवर नाही, एका माणसाच्या सवयीवर चाललं आहे.' प्रेझेंटेशनच्या तालमीच्या वेळी प्रोफेसरांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, की सगळा रिपोर्ट याच वाक्यावर उभा करा.

मार्चमधल्या एका रविवारी ती घरी जेवायला गेली. बाबा लॅबमधून दोन वाजता आले. आईनं वरण पुन्हा गरम केलं, फुलके टाकले. प्रेझेंटेशनला अकरा दिवस होते. ती स्लाइड काढून टाकता आली असती. बाबांना नुसतं सांगता आलं असतं, की थोडे दिवस रविवारी जाऊ नका, दुसऱ्या कोणाला तरी सोबत घेऊन जा. तिनं एवढंच विचारलं, की आज जायलाच हवं होतं का. बाबा हो म्हणाले आणि त्यांनी लिंबू मागितलं. बाबा इतके काटेकोर, की नियमानं दिलेली सूटसुद्धा घेत नाहीत, आणि तेच त्यांच्या मुळावर येणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिनं दुसरा फुलका घेतला.

प्रेझेंटेशनला क्लायंटकडून दोघं आले. तिला दोघंही अनोळखी. तिच्या वाट्याची चार मिनिटं ती न अडखळता बोलली. दोघांपैकी बाईंनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. टीमला ए ग्रेड मिळाली आणि ट्रॅव्हिसनं टेबलावर दोन बोटं वाजवली.

जूनच्या शेवटी आईचा फोन आला. कंपनीनं नऊ जणांना कमी केलं होतं, त्यांत बाबा. काम बाहेर गेलं. साठीला दोन वर्षं उरली होती, दुसरं काही मिळणं अवघडच. आई रडत नव्हती, चिडली होती. सणवार न बघता ज्या माणसानं यांच्या गोळ्या सांभाळल्या, त्याला असं काढतात, हे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

शनिवारी ती घरी पोचली तेव्हा बाबा मागच्या अंगणात टोमॅटोंना जाळी बांधत होते. हरणं येऊन शेंडे खात होती. त्यांनी जाळीचं एक टोक तिच्या हातात दिलं आणि स्वतः दुसऱ्या खुंटाशी जाऊन बसले.

"मीटिंगमध्ये तो रिपोर्ट दाखवला आम्हाला," बाबा म्हणाले. "युनिव्हर्सिटीतल्या स्टुडंट्सनी केलाय म्हणे. चांगला केलाय."

आसावरीनं जाळीत गुंतलेली एक काडी सोडवली.

"एक वाक्य होतं त्यात, एका माणसाच्या सवयीवर चाललंय म्हणून. सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो."

"बाबा, ते मी लिहिलंय."

बाबांनी हातातली गाठ पुरी मारली, ओढून बघितली.

"आमची कंपनी आहे हे माहीत होतं तुला?"

"हो. आय न्यू. लिहायच्या आधीपासून."

त्यांनी मान हलवली. काट्यावरचं वजन वाचून वहीत लिहिण्याआधी हलवत असतील तशी. ती सॉरी म्हणाली, कारण अशा वेळी म्हणायचं असतं. शब्द तोंडातून बाहेर गेला आणि त्याच्याबरोबर दुसरं काहीच गेलं नाही.

"सॉरी कशाबद्दल? डेटा बरोबर आहे," बाबा म्हणाले. "मी तुझ्या जागी असतो तर मीही हेच लिहिलं असतं."

ते शांत होते, याचाच तिला राग आला. खरं तर राग आला हेच तिला आधी कळलं नाही. हातातली जाळी ताणली गेली तेव्हा कळलं.

"पण तुम्ही इतकं परफेक्ट कशाला करत होतात? सात दिवसांची विंडो होती, बाबा. माझ्या ग्रॅज्युएशनला येऊन सोमवारी गेला असतात तरी चाललं असतं. कोणी तुम्हाला सांगितलंच नाही का?"

"ती ओळ मीच लिहिलीय. सत्त्याण्णव साली तो नियमांचा कागद मीच केला."

तिनं जाळी सोडली नाही. बाबाही उठले नाहीत. एक एक पान बाजूला सारत ते जाळी खोडापर्यंत नेत होते.

"मग?"

"शनिवारी तिथं कोणी नसतं," बाबा म्हणाले. "कपाटांच्या पंख्यांचा आवाज, तेवढाच. बाटली काढायची, लेबल बघायचं, सही करायची. कोणी विचारत नाही, काय मोरेश्वर, अजून तिथंच का. तुझ्या आईला माणसं लागतात. लागू देत, चांगलंच आहे ते. मला नाही जमत. आधी एकदा म्हणालो, की तारीख आहे, जावं लागेल. ते तिनं इतक्या अभिमानानं सांगितलं सगळ्यांना, की पुढच्या वेळीही मग तेच म्हणालो."

आसावरीला इतकी वर्षं वाटत होतं, की बाबांना घरी थांबायचं होतं आणि काम थांबू देत नव्हतं. आईला तर त्याहून जास्त वर्षं वाटत आलं होतं. एकटं माणूस हवेशीर खोलीत तास दोन तास बाटल्यांची लेबलं बघत बसलं आहे, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोर आलं, आणि त्यातलं सुख तिला चटकन कळलं. फार चटकन. तिलाही त्या रकान्यांपाशी बरं वाटायचं. तेच एक बरं वाटायचं. तिला रडू येईल असं वाटलं. आलं नाही.

"एक कर," बाबा म्हणाले. "ती सात दिवसांची गोष्ट आईला सांगू नकोस."

"आणि रिपोर्ट? आणि जॉबचं?"

"रिपोर्टचं तू बघ. जॉबचं सांगितलंय मी तिला. त्याचं काही एवढं नाही."

आईनं आतून हाक मारली. दोघांनी नळाखाली हात धुतले. बाबांनी तिला आधी धुऊ दिले आणि नळ बंद करून तिच्यामागून आत आले.

जेवायला वांग्याची भाजी होती, भाकरी होती. आईनं वाढायला घेतलं आणि बोलायलाही. ज्यांनी कोणी तो रिपोर्ट लिहिला त्यांना घरदार नसेल, असं ती म्हणाली. बाबांनी मीठ मागितलं. पण या सगळ्यात एक बरं झालं, आई पुढे म्हणाली. यंदा गणपती पंधरा सप्टेंबरला, शनिवारीच आलाय. बावीस वर्षांत पहिल्यांदा आरती घरचा माणूस करील. दरवर्षी आरती करणाऱ्या राजीवकाकांना तिनं तसं कळवूनही टाकलं होतं, आणि साठ जणांना आमंत्रणं गेली होती. दुपारी आरती, जेवण, संध्याकाळी भजन. कोणाला लवकर निघू द्यायचं नाही.

बाबा भाकरी मोडत होते. त्यांनी तुकडा भाजीला लावला आणि तसाच ताटात ठेवला.

"आई, साठ जास्त होतात," आसावरी म्हणाली. "या वर्षी थोडे कमी बोलाव ना. बाबांना जरा..."

आईनं भाकरीचं ताट टेबलावर ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदाच हसू होतं.

"का गं? आता कुठं जायचंय यांना?"