चौथ्या ठिकाणचा आकडा

शास्त्राच्या बाईंना नववी ‘ड’ मिळाली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी त्यांच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं. ‘ड’ म्हणजे उरलेली मुलं. अ, ब आणि क भरून झाल्यावर जी शिल्लक राहतात ती. एक्केचाळीस नावं पटावर, त्यातली वीस-बावीस वर्गात, आणि त्या वीस-बावीसांतलीही निम्मी खिडकीबाहेर. बाई एकोणीस वर्षं शिकवत होत्या. त्यांनी कपाळाला आठी न घालता हजेरीपट उचलला आणि त्या वर्गावर गेल्या.

त्याच वर्षी शाळेला एक पत्र आलं. नदीच्या वरच्या अंगाला, सरहद्दीपलीकडे असलेल्या एका शाळेला जोडीदार शाळा हवी होती. दोन्ही शाळांनी वर्षभर मिळून काहीतरी काम करायचं, आठवड्यातून एकदा पडद्यावर एकमेकांशी बोलायचं आणि सहामाही संपताना दोन्हीकडच्या पालकांपुढे ते मांडायचं. मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, ते पत्र साहजिकच ‘अ’ तुकडीसाठी राखून ठेवलं होतं. बाई त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि ‘ड’ला ते मिळेपर्यंत उठल्या नाहीत. सरांना दोनदा चहा मागवावा लागला. शेवटी ते म्हणाले, घ्या, पण फजिती झाली तर ती तुमची.

काम काय निवडायचं यावर फार खल झाला नाही. दोन्ही गावांच्या मध्ये नदी एकच होती. आणि खालच्या गावात, म्हणजे बाईंच्या गावात, शेंबड्या पोरालाही एक गोष्ट ठाऊक होती: नदी घाण करतात ते वरचे. आजोबा म्हणत, बाप म्हणे, न्हावी म्हणे. पाण्याला वास आला की लोक वरच्या दिशेला हात करून दोन शिव्या हासडत आणि मोकळे होत. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे नदीच्या बाबतीत तर फारच सोयीचं होतं.

बाईंनी साधं साधन घेतलं. दीड हात उंचीची काचेची नळी, तळाला काळी फुली. नळीत नदीचं पाणी ओतत जायचं आणि वरून बघत राहायचं. फुली दिसेनाशी झाली की थांबायचं, पाणी किती सेंटीमीटर झालं ते लिहायचं. पाणी जितकं स्वच्छ तितका आकडा मोठा. दर बुधवारी, सकाळी दहाला, दोन्ही शाळांनी आपापल्या गावाजवळ मोजायचं.

पहिल्या बुधवारी सव्वीस मुलं आली. तिसऱ्या बुधवारी अडतीस. वहीत कधी तारीखही न लिहिणारी पोरं दशांश चिन्ह कुठे द्यायचं यावर भांडायला लागली. बोलायला भाषेची अडचण होती, कारण इकडची भाषा तिकडे येत नव्हती आणि तिकडची इकडे. दोघांनाही शाळेत शिकवलेली तिसरी एक भाषा मोडकीतोडकी येत होती. एकदा पलीकडच्या सरांनी ‘पाणी उकळून घ्या’ म्हणायचं ते ‘पाण्याला राग आणा’ असं म्हटलं. वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातून तक्रार आली. पण त्या दिवसापासून मुलं शब्दकोश उघडू लागली.

सगळ्यात जास्त उघडला तो गप्पीनं. ती महिना महिना बोलत नसे, म्हणूनच पोरांनी तिचं नाव गप्पी ठेवलं होतं. नळी धरायचं काम तिच्याकडे होतं, कारण तिचा हात हलत नसे. तिचे वडील गावाबाहेरच्या कापड रंगवायच्या कारखान्यात मुकादम होते. तिच्या उलट वकील. या पोराला कुठल्याही गोष्टीची बाजू घेऊन भांडता येई, आणि ती बाजू कोणती याच्याशी त्याला फारसं कर्तव्य नसे.

दोन महिन्यांनी आकडे समोरासमोर ठेवले. वरच्यांचा आकडा कायम बावन्नच्या आसपास. आपला बारा. वर्गाचा निकाल लगेच लागला: वरचे खोटं लिहितात. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला या न्यायानं वकिलानं त्याच दिवशी, बाईंना न विचारता, पलीकडच्या वर्गाला निरोप धाडला. तुमची घाण आम्ही पितो आणि वर तुम्ही आम्हाला गणित शिकवता, असं त्यात होतं. आणखीही बरंच होतं, ते इथे नको.

पुढच्या बुधवारी पडदा काळाच राहिला. त्यापुढच्याही. मग तिकडच्या मुलांचं पत्र आलं, तेही काही साखरेत घोळलेलं नव्हतं. खालचे लोक भांडकुदळ असतात, त्यांना काहीही द्या, ते मोडून परत करतात, असं आमच्या घरी सांगतात आणि ते खरंच दिसतं, असं त्यांनी लिहिलं होतं.

मोठ्या सरांनी बाईंना बोलावलं आणि हे प्रकरण आता सोडून द्या म्हणाले. बाईंनी ऐकून घेतलं. मग त्या वर्गात आल्या आणि त्यांनी दोन्ही पत्रं, आपलं आणि त्यांचं, एकही शब्द न गाळता मोठ्यानं वाचली. वकिलाचे कान लाल झाले. बाईंनी त्याला रागावलं नाही. एवढंच विचारलं, “तू नदी त्यांच्या गावापासून आपल्या गावापर्यंत मोजलीस का रे?”

त्यानं नकारार्थी मान हलवली.

“मग तुला माहीत काय आहे?”

तेव्हा बाईंनी ठरवलं की मोजायचंच. सरहद्दीवरच्या पुलापासून गावापर्यंत, चालत, ठिकठिकाणी. आणि पुलावरचं मोजमाप दोन्ही वर्गांनी मिळून करायचं, म्हणजे खोट्याला जागाच नको. हे ठरवणं सोपं होतं. परवानगीसाठी मात्र बाईंना चार कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. एका साहेबांनी विचारलं, नदी मोजायला सरहद्द कशाला लागते? बाई म्हणाल्या, नदीला नाही लागत साहेब, आम्हाला लागते. साहेबांनी सही केली. पलीकडच्या सरांनीही तिकडे तेवढीच पायपीट केली असावी, शिवाय चिडलेल्या मुलांना तयार करायला मला एक महिना लागला, असं त्यांनी नंतर कळवलं.

पुलाच्या मधोमध लोखंडी अडसर होता. इकडे एक्केचाळीस मुलं आणि तिकडे पस्तीस. दोन्हीकडची मुलं एकमेकांचे बूट न्याहाळत उभी राहिली, तोंडाकडे बघायला कोणी तयार नव्हतं. पहारेकऱ्यानं स्वतः दोरीनं बादली सोडून मधल्या धारेतलं पाणी काढलं. त्या एकाच बादलीतलं पाणी दोन्ही वर्गांनी आपापल्या नळीत ओतलं. त्यांचा आकडा आला एकावन्न. आपला चव्वेचाळीस.

आता मात्र दोन्हीकडून कुजबुज सुरू झाली. वकील तोंड उघडणार इतक्यात गप्पीनं आपली नळी अडसरावर, त्यांच्या नळीशेजारी आणून धरली. पलीकडची एक उंच मुलगीही वाकून बघू लागली. दोघी बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग गप्पीनं तिसऱ्या भाषेत, थांबत थांबत, दोन वाक्यं म्हटली. वर्गातल्या कित्येकांनी तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

“तुमची फुली जाड आहे. आमची बारीक आहे.”

बारीक फुली लवकर दिसेनाशी होते, जाड उशिरा. इतकंच होतं ते. कोणी खोटं लिहिलं नव्हतं. पलीकडचे सर एवढ्या मोठ्यानं हसले की पहारेकरी दचकला. तिथल्या तिथे ठरलं की नळ्या अदलाबदल करायच्या. त्यांची आपण न्यायची आणि आपली त्यांनी. दोन्हीचे आकडे जुळवून बघायचे. उंच मुलीनं नळी गप्पीच्या हातात देताना ती क्षणभर सोडलीच नाही. गप्पीनं आपली ओढणी काढून नळीभोवती गुंडाळली, तेव्हा तिनं सोडली.

मग खालचा वर्ग त्यांची नळी घेऊन नदीकाठानं गावाकडे निघाला. पहिलं ठिकाण पूल, एकावन्न. दुसरं मळ्यांच्या खाली, पन्नास. तिसरं गावाच्या तोंडाशी, पन्नास. वरून येणारं पाणी गावाच्या वेशीपर्यंत स्वच्छ होतं, हे आता वकिलाच्याही हस्ताक्षरात वहीत उतरलं होतं. चौथं ठिकाण रंगाच्या कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळाखाली, दोनशे पावलांवर. गप्पीनं नळी धरली. पाणी ओतायला सुरुवात होते न होते तोच फुली गेली.

वकिलानं आकडा विचारला. गप्पी बोलेना. त्यानं वाकून बघितलं आणि पेन्सिल वहीवरून उचलली. त्याच्या लक्षात आलं होतं की नळ कोणाच्या कारखान्याचा आहे. शेवटी तिनंच सांगितलं, चौदा. आणि त्यानं लिहिलं.

सादरीकरणाला आठवडा उरला असताना मोठ्या सरांनी वही मागवली. वाचली. शाळेचे नवे बाक कारखान्यानं दिले होते, छपराचे पत्रेही त्यांनीच घातले होते. सर वाईट माणूस नव्हते, पण त्यांना शाळा चालवायची होती. ते म्हणाले, “बाई, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? तीन आकडे दाखवा. छान आहेत. चौथा ठेवा बाजूला.”

“चौथाच तर शिकलोय आम्ही,” बाई म्हणाल्या. “बाकीचे तीन तर वरच्यांचे आहेत.”

पण सरांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर बाई व्हरांड्यातच थांबल्या. सरांना त्या भीत नव्हत्या. त्यांना त्या मुलीची काळजी होती. चौथा आकडा वाचायचा म्हणजे तिच्या बापाच्या पोटावर पाय देण्यासारखं. त्यांनी गप्पीला थांबवून सांगितलं की आकडा मी वाचते, तू त्या दिवशी आली नाहीस तरी चालेल. गप्पी म्हणाली, “नळी मी धरली होती. मीच वाचणार.”

त्या दिवशी सभागृह भरलं. भिंतीवरच्या पडद्यावर पलीकडच्या शाळेचं सभागृह, तेही भरलेलं. वकिलानं आधी उभं राहून आपल्या निरोपाबद्दल माफी मागितली. त्यांच्या भाषेत. कागदावर लिहून घेतलेली, उच्चार बहुतेक चुकलेले, पण पलीकडे टाळ्या झाल्या. मग गप्पी उभी राहिली. एक, दोन, तीन. चौथ्या ठिकाणाचं नाव तिनं पूर्ण घेतलं, कारखान्याच्या नळासकट. चौदा. तिसऱ्या रांगेतले तिचे वडील उठले आणि बाहेर गेले. तिनं ते पाहिलं. कागद खाली ठेवला नाही. उरलेली दोन पानं वाचूनच ती बसली.

घरी चार दिवस वडील तिच्याशी बोलले नाहीत. आई ताट वाढताना मध्ये बसे. पाचव्या दिवशी सकाळी मुकादम शाळेत आले. बाईंना वाटलं, आता भांडण. पण ते दारातच उभे राहिले आणि म्हणाले की कारखान्यात पाणी निवळायची टाकी आहे. तीन कप्प्यांची. दोन वर्षांपूर्वी गाळानं भरली, तेव्हापासून पाणी बाजूच्या चरातून थेट नदीत जातं. मी तीनदा वर सांगितलं.

“माझ्या तोंडी सांगण्याला कोणी विचारत नाही, बाई. मला तो आकडा लिहून द्या. शाळेच्या शिक्क्यासकट.”

“मग त्या दिवशी उठून का गेलात?” बाईंनी विचारलं.

“लाज वाटली,” मुकादम म्हणाले. “पोरीची नव्हे.”

बाई त्यांना आणि चारही आकड्यांचा कागद घेऊन मोठ्या सरांकडे गेल्या. सरांनी कागद उलटापालटा केला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. खाली पलीकडच्या शाळेचा शिक्का आणि सही आधीच होती. सही होऊन तो कागद आदल्या दिवशीच टपालानं परत आला होता. त्यांच्या आकड्यांसोबत त्यांनी इकडच्या चौथ्या आकड्यावरही सही केली होती. परक्यांनी आपल्या मुलांच्या शब्दावर सही करावी आणि आपण हात आखडावा, हे सरांना झेपलं नाही. त्यांनी शिक्का मारला. जरा जोरातच मारला.

कारखान्यानं लगेच काही ऐकलं नाही. मुकादमांना आधी रंगखात्यातून काढून गोदामात टाकलं. पगारात फरक पडला नाही, पण मानात पडला. त्या काळात गप्पी रोज दुपारी वडिलांचा डबा गोदामात घेऊन जाई आणि दोघं पोत्यांवर बसून, फारसं न बोलता, जेवत. कागद मात्र आता एका हातात राहिला नव्हता. वर्गातल्या मुलांनी तो पाणीखात्यात नेऊन दिला, पोचपावती घेतली आणि दर सोमवारी दोघं दोघं जाऊन पुढे काय झालं ते विचारायला लागली. तिथल्या कारकुनाला आठव्या सोमवारी नावं पाठ झाली होती. पाचव्या महिन्यात कारखान्यानं टाकी उपसली. त्यानंतरच्या बुधवारी चौथ्या ठिकाणी आकडा आला एकतीस. पन्नास नव्हे, एकतीस. वर्गानं तो फळ्यावर लिहिला आणि कामाला लागला.

वर्ष संपताना पलीकडच्या सरांचं पत्र आलं. नळी एकही ओरखडा न पडता परत मिळाली, हे आमच्या मुलांनी घरोघरी सांगितलं, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं की आमच्या गावामागे एक ओढा आहे. आमच्या नगरपालिकेला तो स्वच्छ वाटतो. आमच्या मुलांना तसं वाटत नाही, पण आमच्याकडे आमचं ऐकत नाहीत. दोन शाळांची सही लागेल. तुम्ही याल का?

बाईंनी पत्र वर्गात वाचून दाखवलं. बघा, घाण त्यांच्याकडेही निघालीच, असं कोणी म्हणालं नाही. बाई वकिलाकडे बघत होत्या, तोही म्हणाला नाही. तो बाकाखालून वही काढून नवीन पान आखत होता.

मागच्या बाकावरून गप्पीनं हात वर केला.

“बाई, बस किती वाजता निघेल?”