भिंगरीची तांब्याची अक्षरे

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि माझा मुक्काम स्वयंपाकघरात आहे. हसू नका! एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला जेवणाचे टेबल आणि मधल्या भिंतीवर मी. माझ्या अंगावर 'साबण आणणे' आणि 'सूर्यमालेतील ग्रह' शेजारी शेजारी सुखाने नांदतात. दूध उतू गेले की भूगोल अर्ध्यावर थांबतो. पण या खोलीतले एक वर्ष असे गेले, की ते आठवले तरी आजही माझ्या तिन्ही फळ्या शहारतात.

आधी माझ्या जन्माचे सांगतो. एका सुताराने तीन जाड फळ्या शेजारी शेजारी ठोकल्या, रंधा मारला आणि वर काळ्या रंगाचे तीन हात दिले. मधली फळी जराशी वर राहिली. "चालतंय," सुतार म्हणाला. त्याच्या त्या एका 'चालतंय'मुळे आजवर हजारो खडू त्याच जागी मोडले! मला शाळेत तिसरीच्या वर्गात लावले. तिथे मी अठ्ठावीस वर्षे होतो. तपासणीच्या आदल्या दिवशी मुले मला कोळसा लावून काळाकुळकुळीत करत. साहेब येत आणि म्हणत, "वा, फळा कसा आरशासारखा आहे!" तेव्हा मला आभाळ ठेंगणे होई.

मग शाळेत पांढरे, गुळगुळीत फळे आले. मला पाण्याच्या पंपाच्या खोलीत, तोंड भिंतीकडे करून उभे केले. चार वर्षे माझ्याशी कोणी बोलले नाही. कोळ्यांनी तेवढा संसार थाटला.

एके दिवशी एक फ्रीज दुरुस्त करणारे मेकॅनिक शाळेतले पाणी थंड करायचे यंत्र पाहायला आले. वीज बंद करायला ते पंपाच्या खोलीत शिरले आणि मला पाहून थबकलेच. "हा फळा टाकणार आहात का?" त्यांनी शिपायाला विचारले.

"न्या की! तेवढीच जागा मोकळी होईल," शिपाई म्हणाला.

आणि मित्रांनो, मी गाडीच्या टपावर दोरीने बांधला जाऊन भर रस्त्यातून निघालो! वारा, भोंगे, वर मोकळे आभाळ! अठ्ठावीस वर्षे मी मुलांना 'जग विशाल आहे' असे सांगत होतो. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा दिसले.

घरी मेकॅनिकना सगळे पप्पा म्हणत. आई आधी औषधांच्या दुकानात काम करायची. मुले तीन. दादा सतरा वर्षांचा. त्याला रुग्णांची सेवा शिकायची होती, म्हणून तो परिचारकाच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशपरीक्षेला बसणार होता. मधली भिंगरी, दहा वर्षांची. ती एका जागी बसत नसे, म्हणून ते नाव. आणि धाकटा पिटक्या, सहा वर्षांचा आणि साठ वर्षांच्या माणसासारखा बोलणारा.

ही मुले शाळेत जात नसत. घर ख्रिस्ती होते. आई म्हणायची, "देवानं पोरं पदरात घातली, तर त्यांना शिकवायचा आनंदही आपणच घेऊ." सकाळी आधी एक गीत, मग प्रार्थना, मग पाटी-पुस्तक. प्रार्थना सगळे करत. पिटक्याची मला अजून पाठ आहे: "देवा, पप्पांना सांभाळ, आईला सांभाळ, आणि आज वजाबाकी नको. आमेन."

सगळे छान होते, पण एक काटा होता. भिंगरीला वाचता येत नव्हते.

ती मंद नव्हती हो! पप्पांच्या बरोबरीने ती फ्रीजची मोटर खोलायची आणि एकही स्क्रू न चुकवता परत बसवायची. पण माझ्यावर 'घर' लिहिले की ती 'धर' म्हणे. 'भाऊ'चा 'माऊ' होई. "आई, अक्षरं हलतात गं," ती सांगायची. आई जवळ घ्यायची आणि पुन्हा लिहायची. एका दुपारी मात्र पिटक्या टेबलावर चढला आणि बिस्किटांच्या डब्यावरचे सगळे शब्द त्याने धडाधड वाचले. त्याला कोणी शिकवले नव्हते! तो ऐकून ऐकूनच शिकला होता. सगळे ओरडले, टाळ्या वाजल्या. भिंगरी उठली, बाहीने माझ्यावरचे सगळे पुसून टाकले आणि टेबलाखाली जाऊन बसली. तिच्या बाहीला लागलेला खडू मी पाहत राहिलो.

त्याच आठवड्यात शिक्षण खात्याचे पत्र आले. घरी शिकणाऱ्या मुलांची आता दरवर्षी घरी येऊन तपासणी होणार होती. नऊ वर्षांवरच्या मुलाने न पाहिलेले एक पान मोठ्याने वाचून दाखवायचे. नाही जमले, तर घरी शिकवायची परवानगी रद्द. आईने पत्र घडी घालून ठेवले, खडू घेतला आणि माझ्या वरच्या कोपऱ्यात लिहिले: 'तपासणी: २१४ दिवस.' माझ्या अंगावर काटा आला. शाळेत असताना मीही तपासणीला घाबरायचो.

दोनशे दिवस उरले असताना अप्पा राहायला आले. अप्पा म्हणजे आईचे वडील, निवृत्त शिक्षक. त्यांच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले होते. त्या डोळ्यावर पट्टी होती आणि दुसऱ्याने धड दिसत नव्हते. घरात पाय ठेवला तोच कपाळाला आठी. "पस्तीस वर्षं मी शाळेत घासली," ते म्हणाले, "आणि माझ्याच लेकीनं पोरांना ओट्याशेजारी बसवलंय!"

आईने खुर्ची सरकवली. अप्पा चाचपडत निघाले आणि त्यांचा हात माझ्यावर पडला. बोटे फिरत फिरत मधल्या फळीच्या उंचवट्यावर थांबली.

"अरे! हा तर माझा फळा! तिसरीचा!"

मी त्यांना दारात त्यांचा आवाज आला तेव्हाच ओळखले होते. पण आम्हा फळ्यांना बोलता कुठे येते?

"दिसत नाही, मग ओळखलात कसा, अप्पा?" आईने विचारले.

"दिसायला कशाला पाहिजे? ह्यानं माझे कमी का खडू मोडलेत?"

अप्पा आल्यापासून टेबलाखाली लपलेली भिंगरी बाहेर आली. तिचे डोळे असे लकाकले, की माझी खात्री पटली, आता काहीतरी होणार! "अप्पा," ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही हातानं वाचलंत?"

ती पळत पप्पांच्या हत्यारांच्या पेटीकडे गेली. फ्रीजच्या कामातून उरलेले तांब्याच्या बारीक नळीचे तुकडे तिथे पडलेले असत. पक्कड घेऊन तिने एक तुकडा वाकवला, आणखी वाकवला आणि अप्पांच्या हातात ठेवला. "ओळखा!"

अप्पांनी चाचपून पाहिले. "हं. हा ग."

"आणि हा?"

"हा म."

"आणि हा?"

अप्पा अडले. नळी उलटसुलट केली, बोट परत परत फिरवले. "थांब हं. हा घ... का ध?"

"तुम्हालापण?" भिंगरी किंचाळलीच. "तुम्हालापण घ आणि ध सारखेच वाटतात?"

अप्पांनी ती नळी मांडीवर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "माझ्या वर्गात एक मुलगी होती. तुझ्याएवढीच. घरला धर म्हणायची. मला वाटलं, आळशी आहे. मी तिला ह्याच फळ्यासमोर रोज उभं करायचो. सगळी पोरं हसायची. सहामाहीनंतर ती शाळेत आलीच नाही."

मित्रांनो, मला ती मुलगी आठवत होती. उभी असताना ती पाठीमागे हात नेऊन माझी कड घट्ट धरायची.

"मग तुम्ही तिला सॉरी म्हणालात?" भिंगरीने विचारले.

"नाही गं. आता ती कुठे आहे, ते मला ठाऊक नाही."

भिंगरीने क्षणभर विचार केला. "मग मला म्हणा."

आणि पस्तीस वर्षे मुलांना उभे करणारे ते गुरुजी खुर्चीतून उठले, नातीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "चुकलं माझं, बाळ." त्या दिवशीच्या प्रार्थनेत त्यांनी मोठ्याने त्या मुलीसाठी देवाकडे मागणे मागितले. पिटक्यासुद्धा वजाबाकी विसरला.

दुसऱ्या दिवसापासून घराचा कारखाना झाला! भिंगरी अक्षर वाकवायची, अप्पा ओळखायचे. मग अप्पा डोळे मिटायला लावायचे आणि तिने ओळखायचे. 'क्ष'ने अख्खी दुपार खाल्ली आणि भिंगरीच्या अंगठ्याला फोड आणला. पप्पा कामावरून येताना नळीचे तुकडे खिशात घालून आणत. बरणी भरली, मग दुसरी भरली. अक्षर बोटांत बसले की भिंगरी ते माझ्यावर लिहायची, पण हातभर मोठे, खांद्यापासून हात फिरवून! वरपासून खालपर्यंत मी एकाच 'भ'ने भरून जायचो. इतक्या वर्षांत इतके मोठे अक्षर माझ्यावर कोणी काढले नव्हते. मला फार भारी वाटे.

माझा कोपरा सांगत होता: ९० दिवस. ७५. ६२.

बासष्ट दिवस उरले असताना तिने पहिले अख्खे वाक्य स्वतः लिहिले आणि बोट ठेवत ठेवत वाचले: "पिटक्या... गाढव... आहे."

"आई!" पिटक्या आनंदाने नाचू लागला. "हिनं बरोबर वाचलं!"

वीस दिवस उरले असताना दादाच्या नावाचे पाकीट आले. तो पांढराफटक पडला. पाकीट फोडून कागद न पाहताच त्याने भिंगरीपुढे धरला. "माझा धीर होत नाही. तू वाच."

"मी?"

"तूच."

सगळे टेबलाभोवती गोळा झाले. ओट्यावर दूध उतू जात होते, पण कोणाचे लक्ष होते! भिंगरीने हवेत बोटाने अक्षरे गिरवली. "आपला... प्र... प्रवेश..." तिने पुढचा शब्द गिरवला. "मं... मंजूर!"

दादाने तिला उचलून गरगर फिरवले. तिचे पाय माझ्यावर आपटले आणि माझा एक खिळा सुटला. सुटू दे म्हटले! असा खिळा रोज सुटावा.

शेवटी तो दिवस उजाडला. कोपऱ्यात आईने लिहिले होते: 'आज.' तपासणीच्या बाई आल्या. हातात जाड पिशवी, मनगटावर घड्याळ. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून अप्पा उभे राहिले. त्यांची पट्टी केव्हाच निघाली होती आणि नवा चष्मा आला होता. बाईंनी पिशवीतून एक पुस्तक काढले, मधले पान उघडले आणि भिंगरीसमोर ठेवले.

तिने पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीत ती थांबली. अक्षरे बारीक होती. ती हलू लागली असणार, कारण तिचा चेहरा तसा झाला. पिटक्या शब्द सांगायला तोंड उघडणार, तोच आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. घरात कोणी हलेना.

"बाई," भिंगरी म्हणाली, "मी हे फळ्यावर मोठं लिहून घेऊन वाचलं तर चालेल?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिले. घड्याळाचा पट्टा सोडला आणि ते पिशवीत टाकून दिले. "वाच. नियमात वेळ लिहिलेली नाही."

मित्रांनो, त्या दिवशी मी जीव मुठीत धरून भिंतीवर टांगलेला होतो! ती एक ओळ पाहायची, माझ्यावर मोठी लिहायची, वाचायची, पुसायची, पुन्हा लिहायची. घामाने खडू ओला झाला. चाळीस मिनिटे लागली. पण ते पान तिने वाचले, पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत, आणि अर्थही सांगितला. बाईंनी कागदावर सही केली आणि विचारले, "ही पद्धत कोणाची?"

"नातीची," अप्पा म्हणाले. "मी विद्यार्थी."

पुढच्या रविवारी चर्चमध्ये पाळकांनी उपासनेत शास्त्रवाचनाला भिंगरीला उभे केले. मी तिथे नव्हतो. मला कोण नेणार? पण दुपारी सगळे घरी आले आणि एकाच वेळी सांगू लागले. पप्पा म्हणत होते, पाचच ओळी होत्या पण सगळी मंडळी कशी शांत बसली. आई हसत होती आणि डोळे पुसत होती. पिटक्या सांगत होता की तिने वाचताना मांडीवर बोटाने अक्षरे गिरवली आणि ते फक्त त्यालाच दिसले. भिंगरी तेवढी गालातल्या गालात हसत पाणी पीत होती.

महिन्याभराने दादा ट्रंक घेऊन शिकायला गेला. त्याची खुर्ची रिकामी झाली. ताबडतोब पिटक्याने ती बळकावली, कारण तिथून मी सरळ दिसतो. भिंगरी आता त्याला भागाकार शिकवते. मला तिने नवा खिळा ठोकला आहे.

माझे एकच मागणे आहे. आम्हा जुन्या फळ्यांना पुसताना ओले फडके घ्या, म्हणजे आम्ही टिकतो. आणि तुमच्या शेजारी कोणी वाचताना अडखळले, तर हसू नका, पुढचा शब्दही सांगू नका. जरा थांबा. मी पाहिले आहे, ते मूल एक श्वास घेते, ओठ हलवते, आणि मग तो शब्द त्याचे त्यालाच सापडतो.