जहाजासाठी शिवलेला कोट

समुद्रसफरीस निघणाऱ्या मनुष्याने कोणत्या चुका टाळाव्यात, याविषयी माझ्या साडूंनी मला एकोणीस सूचना दिल्या होत्या. साडू तीन वेळा जहाजात बसून आलेले असल्यामुळे घरात आम्ही त्यांना, अर्थात त्यांच्या पाठीमागे, 'आरमार' असे संबोधतो. मी व्यवसायाने शिंपी आहे. आरमार दुकानात बसून सूचना देत होते, त्या वेळी माझ्या तोंडात टाचण्या होत्या. सबब मी प्रत्येक सूचनेस केवळ "हं" एवढेच उत्तर दिले, आणि माझा असा अनुभव आहे की ज्या गोष्टीस मनुष्य "हं" म्हणतो, ती त्याच्या डोक्यात मुक्कामाला राहत नाही.

तथापि एक सूचना मी पाळली. जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच आम्ही चौघे, म्हणजे मी, माझी पत्नी, आरमार आणि त्यांची पत्नी, जी माझ्या पत्नीची ताई, बंदराच्या गावी जाऊन पोहोचलो. उरलेल्या अठरांची कथा पुढे येईल तशी येईल.

प्रथम मूळ प्रकरण सांगणे अवश्य आहे. आमच्या संसारास पंचवीस वर्षे झाली. दुकान खाली आणि बिऱ्हाड वर. जिन्याखालून कोणी "मास्तर!" अशी हाक दिली की हातातील घास ताटात पडतो आणि मी जिन्यात असतो. या पंचवीस वर्षांत पत्नीच्या शेजारी बसून मी एकही जेवण शेवटास नेलेले नाही. जहाजाची तिकिटे तिनेच काढली आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाली,

"मला समुद्रही नको नि बंदरंही नकोत. पहिल्या संध्याकाळी मोठं जेवण असतं म्हणे. त्याला माझ्याशेजारी बसायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्ये उठलात, तर पुढच्या सुट्टीपासून मी ताईबरोबर जाणार. तुम्ही बसा खुशाल मशीनशी गप्पा मारत."

ही स्त्री मोजके बोलते आणि बोललेले करते. माझा जीव टांगणीला लागला.

त्या भोजनास पुरुषाने कोट घालणे अनिवार्य होते. माझ्यापाशी कोट नव्हता. हलवायाला गोडाचे कौतुक नसते, त्यातलाच प्रकार. मी जहाज कंपनीचे चित्रमय पुस्तक उघडले आणि भोजनगृहाचे चित्र भिंग लावून तपासले. बसलेल्या सर्व सद्गृहस्थांचे कोट खांद्यावर झोळीसारखे लोंबत होते. एकच पुरुष ताठ उभा होता. किरमिजी आखूड कोट, कडेने सोनेरी गोट, मनगटावर दुहेरी पट्टी, आणि खांदे असे बसलेले की पाहत राहावे! बसलेले सर्वजण मान वर करून त्याच्याकडेच पाहत होते. हा प्रवाशांपैकी कोणी अग्रगण्य असणार, असा मी निष्कर्ष काढला. तीन आठवडे खपून मी तो कोट टाक्यास टाका जुळवून शिवला.

दुसऱ्या दिवशी बंदरावर हमालांनी मोठी बॅग ताब्यात घेतली. तीत कोट होता, हिच्या गुडघ्यांच्या गोळ्या होत्या, दात घासण्याचा ब्रशही होता. "ती संध्याकाळपर्यंत खोलीत येते, म्हणून गरजेचं हातात ठेवा म्हणून सांगितलं होतं ना?" आरमार म्हणाले. मी "हं" म्हणालो.

खोलीची निवडही माझीच. नकाशात आमच्या खोलीच्या वर कोरी जागा दाखवली होती. कोरी म्हणजे निवांत, असे मी समजलो. ती नाचाची जागा निघाली. तीन वाजल्यापासून आमच्या मस्तकावर ठेका सुरू झाला.

"वर हत्ती बांधलेत का हो?" पत्नीने विचारले.

"बांधलेले असते तर बरे होते," मी म्हणालो.

पावणेसातला बॅग आली. सातला भोजन. मी कोट चढवला. पत्नीने मला मागून पुढून न्याहाळले आणि चक्क म्हणाली, "अगदी राजबिंडे दिसताय." पंचवीस वर्षांत प्रथमच! त्या शब्दावर तरंगत मी भोजनगृहात प्रवेश केला.

आत किरमिजी कोट घातलेले चाळीस इसम ताटल्या उचलून धावत होते.

साडू आणि मेहुणी टेबलावर आधीच बसले होते. आरमारांनी मला पाहिले आणि तोंडातील पाणी नाकातून बाहेर काढले. "मास्तर, नोकरी लागली वाटतं! पेढे नंतर द्या, आधी सूप आणा!"

"भाऊजी, गप्प बसा," पत्नी म्हणाली. परंतु तिच्या नजरेतील माझा राजबिंडेपणा उतरला होता. मी घाईने खुर्चीत बसलो.

मागील टेबलावरून एका स्थूल गृहस्थाने चुटकी वाजवली. "अहो! इकडे पाणी!" गिऱ्हाइकास नाही म्हणण्याची नस माझ्या देहात घातलेलीच नाही. माझे गुडघे आपोआप सरळ होऊ लागले. पत्नीने कोटाचे मागील टोक धरून मला खाली ओढले. शिवण दुहेरी होती म्हणून टिकली.

"मी बघितलं हं," ती दबक्या आवाजात म्हणाली. "अर्धं उठणं मी मोजत नाही. पुढचं मोजीन."

इतक्यात वाढप्यांचे मुकादम येऊन माझ्या कानाशी फिस्कारले, "नऊ नंबरचं टेबल कोरडं पडलंय आणि तुम्ही पाहुण्यांत बसलाय?"

"तो पाहुणाच आहे हो," मेहुणी म्हणाली. "फक्त हौशी आहे."

मुकादम लाजले, परंतु नियम सोडेनात. या कोटात मी बसलो, तर सर्व पाहुण्यांचा घोटाळा होणार. कोट काढून बसलो, तर कोटाशिवाय आजच्या भोजनास परवानगी नाही. "साहेब, खोलीत जाऊन दुसरा घालून या."

दुसरा कोट नव्हता. असता तरी उठावे लागले असते. मी पत्नीकडे पाहिले. ती हातरुमालाची घडी घालू लागली. ती घडी मी ओळखतो. ती बाहेर पडण्यापूर्वीची असते.

"मुकादमसाहेब, दहा मिनिटे द्या," मी म्हणालो आणि बसल्या जागी कोट काढून मांडीवर घेतला. फळाची सुरी उचलली. तीन आठवड्यांचा सोनेरी गोट मी पहिल्या टाक्यापासून उसवू लागलो.

"इथंही शिवणकाम!" आरमार उद्गारले.

"शिवत नाहीत, उसवतायत," पत्नी म्हणाली. तिने हातरुमाल बाजूस ठेवला, दुसरी बाही स्वतःकडे ओढली आणि मनगटावरील पट्टीचे दोरे दातांनी तोडू लागली. काम चांगले होते, हे मी स्वतःबद्दल सांगू नये, परंतु उसवताना मला कळले की मी फारच घट्ट शिवतो. बाराव्या मिनिटास सोनेरी गुंडाळी ताटलीत पडली आणि मी साधा किरमिजी कोट घालून बसलो. मुकादमांनी शिवणीवर बोट फिरवले, "हं" म्हणाले आणि गेले.

मग मी जेवलो. माझे जेवण सहा मिनिटांत आटोपले. जन्माची सवय. पत्नीचे अद्याप सूपच चालले होते. तेव्हा मला उमगले की बसणे याचा अर्थ जेवणे नव्हे. रिकाम्या ताटलीपुढे हात कोठे ठेवावेत, हेदेखील मला ठाऊक नव्हते. ती सावकाश घास घेत, मध्येच थांबून ताईला काहीबाही सांगत होती, आणि तिला खाताना डोळे मिटण्याची सवय आहे, ही माहिती मला त्या दिवशी मिळाली.

तोच मागील स्थूल गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांच्या तळहातावर एक बटण होते.

"मास्तर ना तुम्ही? मघाशी बघितलं. पोट जरा... हे तेवढं लावून द्या ना. दोन मिनिटांचं काम. तुमचं जेवण तर झालंच आहे."

माझे गुडघे हलले. पत्नीने या वेळी कोट धरला नाही. ती फक्त चमचा हवेत धरून थांबली.

"माझे झाले आहे," मी म्हणालो, "हिचे व्हायचे आहे."

"मग कधी येऊ?"

"उद्या या," पत्नी म्हणाली. "सगळ्यांना हेच सांगतात ते."

गृहस्थ बटण मुठीत घेऊन परतले. वाढप्याने गोड पदार्थ आणून ठेवला. पत्नीने तो पाहिला, त्याचे चार भाग केले आणि अत्यंत सावकाश पहिल्या भागास सुरुवात केली. मी खुर्ची पुढे ओढून घेतली.