पाठदुखीची ओळ

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अल्सर आहे, पण नुसता अल्सर नाही." बायको हातची जाणार, हे मला त्या दिवशी कळलं. ती बाहेर बाकावर बसली होती. डोळे पिवळेजर्द, आणि शेजारच्या माणसाच्या कोटाची उसवलेली बाही निरखत होती.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं. जठराच्या पुढे आतडं सुरू होतं, तिथेच पित्ताची नळी उघडते आणि स्वादुपिंडाचीही. गाठ स्वादुपिंडात होती. ती वाढत आतड्यात शिरली होती आणि तिथे जखम झाली होती. गाठीनेच पित्ताची वाटही अडवली होती. दुर्बिणीतून फक्त जखम दिसते, मागची गाठ दिसत नाही.

"मग आमच्या पोटाच्या डॉक्टरांनी आठ महिने अल्सरच्या गोळ्या का दिल्या?" मी विचारलं.

"ते त्यांना विचारा," त्या म्हणाल्या. मला ते उत्तर पळवाटीचं वाटलं. एक डॉक्टर दुसऱ्याला झाकणारच.

अकरा आठवड्यांनी ती गेली. आमचं शिवणाचं दुकान आहे. मी बेततो, ती शिवायची. दुकान उघडलं की तिचं मशीन समोर यायचं, आणि मला पोटाचे डॉक्टर आठवायचे. त्यांनी तिला नीट विचारलंच नव्हतं, अशी माझी खात्री होती. पोटाचं दुखणं पाठीत गेलं तर स्वादुपिंड बघायचं असतं, हे आता मलाही माहीत झालं होतं.

मेव्हणी म्हणाली, "भाऊजी, तक्रारीचा अर्ज करा. पण आधी केसपेपर हातात घ्या. एकदा बदलला की बोंबलत बसाल."

पोटाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या खिडकीवरच्या बाईने मला दोन फेऱ्या मारायला लावल्या. "साहेब सुट्टीवर आहेत", मग "फाइल वर आहे". तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मी खिडकीसमोरच उभा राहिलो.

"काका, बसा ना."

"उभा बरा आहे. मी बसलो की फाइल वर जाते."

तिने हसू दाबलं आणि झेरॉक्स दिली. मी म्हटलं, "मूळ कागद दाखवा." तिने तोंड वाकडं केलं, पण दाखवला.

पहिल्याच भेटीचं पान होतं. मधे एक ओळ होती: 'दुखणं पाठीत जातं? पाठ दुखते, शिवणकामामुळे. पतीने सांगितले.'

मागाहून घातली, असंच मला वाटलं. शिवणीत मधेच दुसऱ्या रिळाचा दोरा आला तर मला लांबून कळतो. मी कागद दाराशी उजेडात नेला. शाई वरच्या ओळीची तीच होती, खालच्या ओळीचीही तीच. अक्षर कुठे दाटीने बसवलेलं नव्हतं.

मग ती खोली आठवली. डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, "पाठीत जातं का?" ती तोंड उघडणार, तोच मी म्हणालो होतो, "टेलरची पाठ आहे साहेब. दुखली नाही तर पगार कापतो मी." डॉक्टर हसले. तीही हसली आणि गप्प बसली.

त्या महिन्यांत काम संपल्यावरही ती मशीनवर पुढे वाकून बसायची. हातात कापड नसायचं. मी म्हणायचो, "झाला की कोट. आता काय मशीनची पूजा करतेस?" ती म्हणायची, "असं बसलं की बरं वाटतं." तिला बसल्या जागी डुलकी येते, असं मला वाटायचं.

मी ते सगळं डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "स्वादुपिंडाचं दुखणं पुढे वाकलं की थोडं हलकं होतं." आधी कळलं असतं तर वाचली असती का, विचारलं. "सांगता येत नाही," म्हणाल्या. या वेळी मला पळवाट वाटली नाही.

तरी पोटाच्या डॉक्टरांवरचा संशय पुरता गेलेला नाही. त्यांनी तिच्याकडे तोंड करून पुन्हा एकदा विचारायला हवं होतं. मी त्या जागी असतो तर मापं गिऱ्हाइकाच्या अंगावरूनच घेतली असती, नवऱ्याच्या तोंडून नाही.

मेव्हणी रोज फोन करते, "अर्ज दिला का?" मी म्हणतो, "लिहितोय."

अर्ज अर्धा झाला आहे. 'डॉक्टरांनी विचारलेच नाही' हे वाक्य खोडलं, त्याच्या पुढे काही लिहिलेलं नाही. आणि केसपेपरातली ती ओळ मेव्हणीला अजून दाखवलेली नाही.