पाण्याखालची जोडी

नवऱ्याने तिच्या मास्कच्या काचेला आतून थुंकी लावली, अंगठ्याने गोल गोल चोळली आणि नावेबाहेर वाकून मास्क समुद्रात विसळला.

"शी! काय करतोयस?"

"अगं, याने काचेवर वाफ धरत नाही. सगळे असंच करतात."

"नवऱ्याच्या नजरेने जग बघावं म्हणतात ते हेच असेल," समोरच्या फळीवरून सासूबाई म्हणाल्या. त्या मघापासून रबरी सुटाशी झगडत होत्या. एक पाय आत गेला होता, दुसरा गुडघ्याशी अडला होता. "आणि माझं बघ. सोललेल्या केळ्याला परत साल चढवायला सांगितलंय."

नावेतले सगळे हसले. तीही हसली, पण तिची पाण्याची भीती काही गेली नाही. या बेटावर सुट्टीला यायचं ठरलं तेव्हापासून ती मनात होती. नवरा कॉलेजात असल्यापासून डायव्हिंग करायचा. त्याने तिला आधी तलावात शिकवलं होतं, नाकात पाणी गेलं की पाठ थोपटली होती, आणि दरवेळी म्हणाला होता, "मी आहे ना." सासूबाईंना कुणीच शिकवलं नव्हतं. उभा जन्म हॉस्पिटलात नर्स म्हणून काढलेल्या त्या बाई काल प्रशिक्षिकेपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझं बीपी मीच तपासलंय. माझ्या मुलापेक्षा चांगलं आहे. मलाही न्या."

वारा अगदी पडला होता. समुद्र तेल ओतल्यासारखा स्थिर होता आणि उन्हात नावेची कड हात ठेववत नाही इतकी तापली होती. नाववाल्याने नांगर टाकला, दोर हातात धरून तो थोडा वेळ खाली बघत राहिला.

"वरून दिसतं तसं नाहीये आज," तो म्हणाला. "खालून ओढ आहे. वाळू संपते त्या काठापलीकडे रेंगाळू नका."

प्रशिक्षिका उंच, उन्हाने रापलेली आणि घोगऱ्या आवाजाची बाई होती. तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. "ऐकलंत ना? पाण्याखाली कुणीही एकट्याने फिरायचं नाही. प्रत्येकाला एक जोडीदार. त्याच्यापासून हातभर अंतरावर राहायचं. तुमची हवा संपली तर त्याची हवा अर्धी तुमची. ती जास्तीची पिवळी नळी त्यासाठीच आहे, शोभेला नाही."

नवशिक्या दोघीच होत्या. त्यांना घेऊन ती उथळ वाळूवर थांबणार होती. बाकीचे चौघं पुढे काठावरून खाली, खडकांच्या उतारावर जाणार होते. गाइडबरोबर एक तरुणी, आणि नवऱ्याच्या वाट्याला आले चित्रकलेचे एक मास्तर. मास्तर एकटेच सुट्टीला आले होते. सडपातळ, पन्नाशीचे, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघायची सवय असलेले.

"बरीच वर्षं झाली मला पाण्यात उतरून," ते नवऱ्याला म्हणाले. "जरा सांभाळून घ्या."

नवऱ्याने त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "निर्धास्त राहा, सर."

पाण्यात उतरल्यावर पहिल्यांदा तिला काहीच सुचलं नाही. स्वतःचा श्वास कानात भात्यासारखा वाजत होता. मग गुडघे वाळूला टेकले, आणि प्रशिक्षिकेने एका हातात तिचा नि दुसऱ्या हातात सासूबाईंचा पंजा घट्ट धरला, तशी छाती हळूहळू मोकळी झाली. पाणी इतकं स्वच्छ होतं की त्याला पाणी म्हणवेना. पिवळ्या पट्ट्यांचे मासे सासूबाईंच्या केसांपाशी येऊन थबकत होते. सासूबाई लहान मुलीसारख्या मान वळवून बघत होत्या.

वाळू जिथे संपत होती तिथे निळा रंग एकदम बदलत होता, फिकटाचा शाईसारखा होत होता. प्रशिक्षिका त्या बाजूला पाठ करून, या दोघींकडे तोंड करून बसली होती. प्रशिक्षिकेच्या खांद्यावरून ती उतार बघत राहिली. चौघं जण खाली खडकांपाशी तरंगत होते. गाइड आणि तरुणी पुढे, नवरा आणि मास्तर मागे. नवऱ्याच्या पायातल्या फिन्स हिरव्या होत्या, त्यामुळे तो लगेच ओळखू येत होता. त्याचं पोहणं बघायला तिला आवडायचं. घाई नाही, धडपड नाही.

मास्तर आधी थांबले. छातीवरचा हवेचा काटा त्यांनी हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. मग आडवा हात गळ्यापाशी नेऊन त्यांनी दोनतीनदा हलवला. हवा नाही.

नवरा त्यांच्यासमोरच होता. त्याने पाहिलं. ते तिला नक्की दिसलं, कारण त्याने मान वळवली आणि तो क्षणभर तसाच राहिला. मास्तर त्याच्याकडे झेपावले आणि त्याच्या छातीवरची पिवळी नळी त्यांनी धरली. नवऱ्याने त्यांचा हात झटकला. त्यांनी परत धरली. तेव्हा त्याने दोन्ही तळवे मास्तरांच्या छातीवर ठेवून त्यांना ढकललं, शिवाय त्यांच्या पोटात पाय मारला, आणि हिरव्या फिन्स फडफडत खडकाच्या आडोशाला गेल्या.

तिने प्रशिक्षिकेचा हात ओढला. प्रशिक्षिकेला वाटलं ही घाबरली. तिने बोटांची गोल खूण करून विचारलं, ठीक? ही नाही म्हणून जोरजोराने मान हलवत होती, बोट दाखवत होती. प्रशिक्षिका वळून बघेपर्यंत गाइड मास्तरांपर्यंत पोचला होता. त्याने आपली नळी त्यांच्या तोंडात कोंबली होती आणि दोघं बुडबुड्यांच्या ढगातून वर चालले होते. फक्त एवढंच कुणी बघितलं असतं तर सगळं नियमाप्रमाणे झालं असंच वाटलं असतं.

सासूबाईंचं तोंड दुसरीकडे आहे असं तिला वाटलं. मासे अजून त्यांच्या केसांपाशीच होते.

नावेवर मास्तरांना आडवं केलं तेव्हा त्यांच्या नाकातून रक्ताची बारीक धार आली होती. सासूबाई ओल्या अंगाने त्यांच्यापाशी बसल्या, त्यांना कुशीवर वळवलं, मनगट हातात घेतलं. इतक्या वर्षांची सवय; कुणाला सांगावं लागलं नाही.

"खोल नका घेऊ श्वास. साधा घ्या. असा. कुठे दुखतंय का? बोटं हलवा बघू."

मास्तरांनी बोटं हलवली आणि मग सासूबाईंचा हात जो धरला तो सोडलाच नाही.

नवरा सगळ्यात शेवटी वर आला. मास्क कपाळावर सरकवून तो धापा टाकत फळीवर बसला. "मी सिलिंडर ठोकून ठोकून गाइडला बोलावलं," तो म्हणाला. "नाहीतर कठीण होतं. सर एकदम घाबरले. अशा वेळी माणूस दुसऱ्यालाही घेऊन बुडतो."

"ठोकलं असेल," गाइड म्हणाला. "मी सहज मागे वळलो तर हे दिसले."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या हातांकडे, आणि मग डोळे मिटले.

"चूक माझीच," ते म्हणाले. "काटा बघायला हवा होता."

"वाचलात हे महत्त्वाचं," नाववाला म्हणाला आणि त्याने इंजिन सुरू केलं.

एवढ्या उन्हात नवऱ्याचे दात वाजत होते. "आई, तो टॉवेल दे गं."

टॉवेल सासूबाईंच्या मांडीवर होता. त्यांनी तो उचलला, उलगडला आणि मास्तरांच्या अंगावर पांघरला. इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नसावं. तिने आपला टॉवेल नवऱ्याला दिला.

मास्तरांना दवाखान्यात ठेवून घेतलं. घाबरण्यासारखं काही नाही, पण पाण्यात आता उतरायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी जेवणघरात ही बातमी पोचेपर्यंत नवऱ्याभोवती चार खुर्च्या गोळा झाल्या होत्या. गोष्ट दर वेळी थोडी वाढत होती. सिलिंडर ठोकल्याचा आवाज मोठा झाला होता, अंतर कमी झालं होतं. तिसऱ्या वेळी तर मास्तरांना अर्ध्यापर्यंत वर त्यानेच आणलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या एका गृहस्थांनी उठून त्याचा हात हातात घेतला.

ती ताटातला घास ताटातच फिरवत होती. सासूबाई डोकं दुखतं म्हणून खोलीतच थांबल्या होत्या.

परत येताना नारळाच्या झाडांमधल्या फरसबंद वाटेवर तिने विचारलं, "ते तुझ्याजवळ आले होते ना?"

"कोण?"

"मास्तर. तुझी नळी धरली होती त्यांनी."

तो चालता चालता थांबला नाही. "तुला तिथून काय दिसणार? पाण्यात सगळं आहे त्यापेक्षा जवळ दिसतं. पहिल्या दिवशी शिकवलं नव्हतं का?"

शिकवलं होतं. खरंही होतं ते. आपला स्वतःचा हातसुद्धा तिला पाण्यात जाडजूड, परक्या बाईचा वाटला होता. पण जवळ दिसणं वेगळं आणि ढकलताना दिसणं वेगळं. खोलीच्या दाराशी आल्यावर किल्ली कुलपात घालता घालता तो एकदम म्हणाला, "नळी दिली असती तर दोघंही गेलो असतो. कळतंय का तुला? दोघंही."

त्याची किल्ली कुलपात बसत नव्हती. तिने ती त्याच्या हातातून घेतली आणि दार उघडलं. आपल्याला त्याची दया येते आहे की भीती वाटते आहे, हे तिला ठरवता येईना. घाबरला असेल. कुणीही घाबरेल. तिथे त्याच्या जागी ती असती तर? पण मग तिला दुसरीच जागा दिसायला लागली. मास्तरांची. गळ्यापाशी आडवा हात नेणारी ती, आणि समोर हिरव्या फिन्स.

तो लगेच झोपला. झोपेत त्याने सवयीने तिच्या दंडावर हात टाकला. तिने तो काढला नाही, पण तिला झोपही लागली नाही.

सकाळी तो नेहमीसारखा होता, किंबहुना जास्तच हसरा. चहा पिताना म्हणाला, "सरांचं डायव्हिंग संपलं, म्हणजे माझी जोडी फुटली. आज तूच माझ्याबरोबर चल. काठावर जाऊ या. तिथे खालची पोवळ्यांची बाग बघशील तर वेडी होशील."

"मला जमेल का?"

"मी आहे ना."

तिने मान हलवली. नाही म्हणायला काहीतरी कारण द्यावं लागलं असतं, आणि जे होतं ते तोंडातून काढलं की परत आत घालता येणार नव्हतं. नऊ वर्षांचा संसार होता, घरी दोन मुलं आजोबांपाशी वाट बघत होती. ती नावेत जाऊन बसली. प्रशिक्षिकेने त्याचं म्हणणं ऐकून घेतलं, थोडा विचार केला. "काठापर्यंतच. मी जवळच असेन. तुमच्यासारखा अनुभवी माणूस बरोबर आहे म्हणून हो म्हणते."

सासूबाई काल रात्रीच म्हणाल्या होत्या की गुडघा दुखतोय, उद्या मी किनाऱ्यावरच बसते. नाववाला धक्क्याचा दोर सोडायला वाकला तेवढ्यात त्या धक्क्यावरून चालत आल्या. अंगात रबरी सूट होता, मानेपर्यंत चेन ओढलेली. कुणाची मदत न घेता त्या नावेत उतरल्या आणि सुनेच्या शेजारी, तिला चिकटून बसल्या.

"अरे, आई? गुडघा?"

"आहे तसाच आहे."

नांगर टाकला तिथे आजही वारा नव्हता. नवऱ्याने पट्टा बांधला, सिलिंडर पाठीवर घेतलं आणि हात पुढे केला. "चल, उठ."

ती उठायला लागली. तिच्या गुडघ्यावर सासूबाईंचा हात आला. फार जोर नव्हता त्यात, पण ती खाली बसली.

"मॅडम," सासूबाई प्रशिक्षिकेला म्हणाल्या, "आम्ही दोघी तुमच्याबरोबर. एका हाताला मी, एका हाताला ही."

"पण मावशी, आज यांनी..."

"आम्ही दोघी," सासूबाई पुन्हा म्हणाल्या. वॉर्डमध्ये नातेवाइकांना बाहेर जायला सांगताना वापरत असतील तोच आवाज.

नवरा हसला. हात अजून तसाच पुढे होता. "आई, उगाच काय? मी असणार ना तिच्याबरोबर."

काल दुपारपासून सासूबाईंनी लेकाच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं, हे सुनेच्या आत्ता लक्षात आलं, कारण आत्ता त्या बघत होत्या. रागाने नाही. तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवताना बघतात तशा.

"तू वर थांब, बाळा," त्या म्हणाल्या.

त्याने का म्हणून विचारलं नाही. हात मागे घेऊन तो खाली बसला आणि कमरेचा पट्टा सोडायला लागला.