दगडावरची झेली

"आंतेल्मबाबा, हा हात कोणाचा हो?"

छापणाऱ्या एदमोंने बिस्किटांच्या जाहिरातीचा पहिला कागद खिडकीशी धरला होता. बिस्किटांच्या डब्यामागे चार फिकट राखाडी बोटं उमटली होती आणि त्यांत दिव्याची दांडी होती.

आंतेल्मने एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. दगडावर चित्र काढून त्यावरून कागद छापणाऱ्या या छापखान्यात चाळीस वर्षं तो दगड घासत आला होता. छपाई संपली, की जुनं चित्र वाळूने घासून काढायचं आणि दगड नव्या चित्रासाठी कोरा करायचा, हे त्याचं काम. त्याने घासलेल्या दगडातून मागचं चित्र आजवर कधी वर आलं नव्हतं.

हात झेलीचा होता, त्याच्या मुलीचा.

दोन वर्षांपूर्वी ती बापासाठी सुपाचा डबा घेऊन आली, तेव्हा चित्रकाराने तिला पाहिलं. हातात दिवा देऊन उभं केलं आणि 'ओरलीन' या दिव्याच्या तेलाच्या जाहिरातीसाठी जशी दिसली तशी थेट दगडावर उतरवली. झेली डावरी, म्हणून दगडावर दिवा डाव्या हातात. पण दगडावरचं कागदावर उलटं उतरतं. साऱ्या पॅरिसच्या भिंतींवर ती उजव्या हातात दिवा घेऊन झळकली.

"बघा बाबा, कागदावर मी सुधारले!" असं म्हणून झेली हसत सुटली होती. बापाला मात्र हसू आलं नाही. पोर डाव्या हाताने लिहिते अशी शाळेतल्या नन्सची तक्रार आली, की त्याच डाव्या हातावर त्याने जेवता जेवता पट्टी ओढली होती. एकदा नाही, कितीदा तरी.

गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने झेली गेली. बायकोने, इर्माने, चुलीवरच्या भिंतीला ती जाहिरात लावली. "किती नीट धरलाय गं दिवा," असं म्हणत ती रोज त्यावरची काजळी पुसायची. आंतेल्म तिकडे पाहत नसे. ती पोर त्याला परकी वाटे. त्याची झेली, डाव्या हातात दिवा घेतलेली, छापखान्याच्या मांडणीत खालून तिसऱ्या फळीवरच्या दगडावर होती. दुपारी तिच्यासमोर बसून तो पाव खायचा.

मग तेलवाल्यांनी ती जाहिरात बंद केली.

"मालक, तो एक दगड तेवढा ठेवा," आंतेल्मने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं.

"अहो बाबा, एवढा मोठा, बिनडागाचा दगड आता मिळतो कुठे? आणि पोर तुमची भिंतीभिंतीवर आहे की!"

"ती... ती नव्हे, मालक."

"म्हणजे?"

आंतेल्म मांडणीकडे वळला. त्याने दगड घासायला घेतला. चेहरा गेला, झगा गेला. हातापाशी आल्यावर त्याने वाळू नुसती वरवर फिरवली. गेलं असेल, असं मनाला सांगून त्याने पाणी ओतलं आणि न बघताच दगड पुढे पाठवला.

आणि आज तोच हात बिस्किटांमागून वर आला होता.

एदमों आता ओळखून चुकला होता. त्याने आवाज खाली आणला. "मालकांच्या कानावर घालत नाही मी. तुम्ही घरी जा, बाबा. दुसऱ्या कोणाकडून घासून घेतो."

"नको रे. दुसरं कोणी नको. मलाच करू दे."

दगड पुन्हा ओट्यावर आला. आधी जाडी वाळू, मग बारीक. दगडावर दगड गोल गोल फिरू लागला. बोटांच्या जागी आल्यावर आंतेल्म पुटपुटला, "दुखत नाही ना गं?" पट्टी मारताना हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्याचे डोळे वाहत होते, आणि हात थांबत नव्हता.

एदमोंने वाकून ओल्या दगडावर तिरप्या उजेडात नजर फिरवली. "गेलं, बाबा."

आंतेल्मने बादली ओतली. राखाडी पाणी ओट्यावरून उतरलं आणि फरशीच्या नालीतून बाहेर वाहू लागलं. ते नितळ होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.